सरांची मंडळी

आमच्या जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांचं कौतुक करणारी माणसं या जिल्ह्यात पायलीला पन्नास मिळतील, तेव्हा ते काम मी करणार नाही. मी रसायनशास्त्राचा माणूस. त्यांची प्रयोगशाळा आणि माझी प्रयोगशाळा यांत एकच भिंत होती, आणि त्या भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला की माझ्या पोटात दुखायचं. अजूनही दुखतं. ते निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला गेले, तरी नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत उभा राहिलो की कुणीतरी वळून विचारतंच, "तुमचे ते किडेवाले सर कसे आहेत हो?" माझी चौकशी त्यानंतर, तीही झाली तर.

किडे म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ते त्यांना 'मंडळी' म्हणत. मंडळी म्हणजे पॅरामेशियम. एकाच पेशीचा जीव, चपलेच्या तळव्यासारखा, नुसत्या डोळ्यांना पाण्यातल्या धुळीच्या कणाएवढा दिसतो, नाहीतर दिसतच नाही. सर ज्वारीचा कडबा उकळून त्याच्या गार झालेल्या पाण्यात ही मंडळी पाळायचे. सगळ्या मजल्यावर गोठ्याचा वास. माझ्याकडे एखाद्या आम्लाची बाटली चुकून उघडी राहिली तर प्राचार्यांचा शिपाई धावत यायचा, आणि इकडे वर्षानुवर्षं कडबा कुजत होता त्याला मात्र संशोधन म्हणायचे.

त्यांच्या दारात पहिला नियम हात दाखवायचा. "हात पुढे करा," म्हणायचे आणि स्वतः वाकून हुंगायचे. तंबाखू, अत्तर, साबण, यांतलं काहीही मंडळींना चालत नसे. एकदा प्राचार्य लग्नाहून थेट आले होते, मनगटावर अत्तर लावलेलं. सरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "नुसत्या पाण्यानं धुऊन या. साबण लावू नका, नाहीतर पुन्हा धुवावं लागेल." आणि प्राचार्य मुकाट्यानं गेले हो धुवायला! असलं मी बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत खुलासा मागणारं पत्र टेबलावर आलं असतं.

गंमत म्हणजे दुसऱ्यांचे हात हुंगणारा हा माणूस स्वतः तपकीर ओढायचा. त्यासाठी जिना उतरून आवारातल्या कडुनिंबाखाली जायचा आणि फक्त डाव्या हातानं ओढायचा. उजवा हात मंडळींचा. डाव्या हातानं बाटलीला शिवायचं नाही, उजव्यानं डबीला शिवायचं नाही. फळ्यावर लिहिताना डावा हात मागे कमरेवर ठेवलेला. पोरं त्यांची नक्कल करायची, पण प्रेमानं. माझी नक्कल कुणी केल्याचं मला आठवत नाही.

फिनेल लावून फरशी पुसण्यावरून झाडू मारणाऱ्या मावशींशी त्यांचं भांडण व्हायचं आणि नळाच्या पाण्यावरून साऱ्या जगाशी. आपल्याकडे नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक. आलं की सगळा गाव भांडी घेऊन धावतो. सर मात्र त्या दिवशी मंडळींच्या बाटल्यांवर ओढणीसारखं फडकं टाकून दारात पहारा द्यायचे. ताज्या पाण्यात क्लोरीन असतो, त्यानं मंडळी मरतात. ते पाणी माठात भरून चांगलं शिळं झालं की मगच त्यांच्या उपयोगाचं. "ज्या गावात पाणी शिळं करूनच प्यावं लागतं, तिथं माझी मंडळी सुखी आहे," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

मंडळी एखाद्या बाटलीत अचानक मरून जात. तसं झालं की सर दाढी करायचे नाहीत. नवी पैदास डोळ्यांना दिसेपर्यंत खुंट वाढवून वर्गावर यायचे. पुढे त्यावर त्यांनी तोड काढली. आपल्याकडे दही संपलं की शेजारी वाटी घेऊन विरजण आणायला जातात, तसं त्यांनी मंडळींचं विरजण गल्लीत वाटून ठेवलं. किराणा दुकानदार, शिंपी, शाळेतल्या एक बाई, सगळ्यांच्या फळीवर सरांची एकेक बाटली. कॉलेजातली मेली की सर वाटी घेऊन निघाले. "आहे का हो विरजण?" शिंपी शिवणयंत्र थांबवून बाटली काढून देणार. मी माझ्या बायकोला विचारलं, "मी कुणाला बाटली ठेवायला दिली तर कुणी ठेवील का?" ती म्हणाली, "कशात काय असेल म्हणून घाबरतील लोक." तिचं म्हणणं खरंच होतं.

आता त्यांचं पाणी तपासणं. आमच्या विभागात पाणी तपासणी केंद्र होतं आणि ते माझ्याकडे होतं. यंत्र चांगलं होतं, मी ते कपड्यानं झाकून ठेवायचो. लोक नमुना आणत, मी ठरलेल्या गोष्टी तपासून सही-शिक्क्याचा कागद देत असे. कागद घेताना लोक खाली बघत. भिंतीपलीकडे तेच पाणी सर चार थेंब काचेवर घ्यायचे, त्यात मंडळी सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावायचे. पाण्यात विष असेल तर मंडळी गरगर फिरते, उलटी पळते, फुगते, फुटते. विष थोडं असेल तर मरत नाही, नुसती मंदावते. तिच्या अंगात पाण्याची एक बारीक पिशवी असते, ती भरते आणि मिटते, भरते आणि मिटते. सर त्याला नाडी म्हणायचे. "थांबा, नाडी बघतो," असं म्हणून एक डोळा मिटून असे बसायचे की बाहेरच्या माणसाला वाटावं, आत कुणी आजारीच आहे.

आणि मग ते लोकांना बघायला द्यायचे! तिथंच त्यांनी मला मारलं. जाफराबादकडचा एक शेतकरी कपाशीवर फवारायचं औषध विहिरीत सांडलं म्हणून एसटीनं बाटली घेऊन आला होता. मी त्याला सांगितलं, या औषधाची तपासणी इथं होत नाही, संभाजीनगरला पाठवावं लागेल. त्यानं मान डोलावली आणि भिंतीपलीकडे गेला. तासाभरानं बाहेर येताना दिसला तर माझ्याकडे बघून म्हणतो, "सायेब, मेले समदे! डोळ्यानं पाह्यले म्या." विहीर नासली हे कळल्यावरही त्याच्या तोंडावर एक समाधान होतं, आणि ते मी दिलेलं नव्हतं.

वर सर मलाच टोमणा मारायचे. "रसायनवाले, तुमचं यंत्र विचारलं तेवढंच सांगतं. माझी मंडळी न विचारता मरते." नावानं हाक कधी मारली नाही, कायम 'रसायनवाले'. मीही एकदा म्हणालो, "पण कशानं मेली ते तुमची मंडळी सांगते का?" तर म्हणतात, "मेलेल्याला काय विचारता?" आणि स्टाफरूम हसली.

इथवर सगळं मी गिळलं होतं. पण पुढे ते माझ्या अक्कापर्यंत पोचले.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. शहराबाहेर कारखान्यांच्या मागे जो नाला जातो, त्याच्या काठाला तिची वस्ती आहे. मोजकीच घरं आणि सगळ्यांत मिळून एक विहीर. एक दिवस तिचा फोन आला. "भाऊ, शेळ्या गाभडून राह्यल्या रे. एक झाली, मंग दुसरी झाली. घरात सून पोटुशी हाये, ती बी त्याच हिरीचं पानी पेती. तू पानी बघ बरं एकदा."

मी स्वतः जाऊन पाणी आणलं आणि मन लावून तपासलं. क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड, सगळं मर्यादेत. पिण्यास योग्य असा कागद नेऊन दिला. अक्कानं तो उलटसुलट बघितला.

"बराबर हाये म्हन्तोस?"

"बिलकुल बराबर."

"मंग शेळ्या काहून गाभडल्या?"

त्याला शंभर कारणं असतात, असं मी सांगितलं. तो कागद खोटा नव्हता, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे. जे तपासलं ते बरोबर होतं.

त्यानंतर काही दिवसांनी अक्का माझ्यासाठी धपाटे घेऊन कॉलेजात आली. मी वर्गावर होतो. तास संपवून जिना चढतोय तर भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज, आणि तो आवाज अक्काचा! आई गेल्यापासून हिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. दारात जाऊन बघतो तर अक्का सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली आणि शेजारी सर माझे धपाटे खातायत.

"अगं माय! ह्ये तर बाजाराला निघाल्यावानी पळून राह्यले! भाऊ, ये की, पाह्य! ह्याला तोंड बी हाये म्हन्ते सर!"

"मला माहीत आहे, अक्का."

"मंग मला कधी दावलं न्हाई ते?"

 सरांनी दारात तिचेही हात हुंगले होते, मिशरीचा वास येतो म्हणून धुऊन यायला लावलं होतं, आणि तिला त्याचा राग यायचा सोडून कौतुकच वाटलं होतं. मग माझ्यादेखत, मी कागद दिलेला असताना, ती म्हणाली, "सर, आमच्या हिरीचं पानी तुमी बघता का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची हरकत नाही ना, रसायनवाले?"

बहिणीसमोर काय सांगणार! "माझी कशाला असेल?" म्हणालो आणि जाऊन उरलेला एक धपाटा खाल्ला. तो गार झाला होता.

सर रविवारी रिक्षा करून वस्तीवर गेले आणि बाटली भरून आणली. सोमवारी मंडळी सोडली ती जागच्या जागी मेली. नुसती मंदावली नाही, सगळी मेली. सरांनी लगेच अक्काला फोन केला, पाणी तोंडाला लावू नका म्हणून. वस्ती हादरली. बायका भर उन्हात पलीकडच्या शिवारातून डोक्यावर पाणी आणू लागल्या, पोरं कारखान्यांच्या रस्त्यावर दगड टाकायची भाषा करू लागली. अक्काचा मला फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू तर बराबर म्हनला व्हता, भाऊ."

मी सरांकडून त्याच बाटलीतलं उरलेलं पाणी मागून घेतलं. त्यांनी दिलं. मला वाटलं, बघू तर काय आहे. सहज म्हणून क्लोरीन बघायच्या औषधाचे दोन थेंब टाकले आणि नळी पिवळीधमक झाली. ब्लीचिंग पावडर! विहिरीत कुणीतरी पावडर टाकली होती आणि सरांची मंडळी तिनं मेली होती. नळाला पाणी आलं की फडकं टाकून पहारा देणारा माणूस क्लोरीनला फसला, कारण तपकिरीनं त्याचं नाक इतकं मेलं होतं की नाकाशी धरल्याशिवाय वास कळायचा नाही, आणि बाटली त्यानं हुंगलीच नव्हती. मला एवढा आनंद माझ्या एम.एस्सी.च्या निकालाला झाला नव्हता.

मी ती नळी घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. सगळे चहा घेत होते.

"सर, तुमची मंडळी कशानं मेली ते सापडलं. पावडरीनं. कारखान्याचा काही संबंध नाही. वास नाही आला तुम्हाला?"

 सरांनी नळी उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली. मला वाटलं, आता हा माणूस खाली बघणार. ते म्हणाले, "गाडी काढा."

मी त्यांना मागे बसवून वस्तीवर नेलं. लिंबाखाली माणसं जमली. सर पारावर चढले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं. विहिरीत पावडर होती, ती मला कळली नाही. माझे जीव पावडरीनं मेले, तुमच्या पाण्यानं नाही. मी तुम्हाला उगाच पायपीट करायला लावली."

पावडर कुणी टाकली, म्हणून दाजी ओरडले. तेवढ्यात अक्का दारातून पुढं आली. "म्या टाकली. ग्रामपंचायतीतून मागून आनल्ती." पदर खोचत ती म्हणाली, "आता पाव्हणे यायचे म्हनल्यावर मानूस घर सारवतं का न्हाई? भावाच्या कॉलेजातले सर पानी बघायला यायचे, आन हिरीत शेवाळ दिसलं असतं तर भावाची काय इज्जत ऱ्हायली असती?"

पाणी तपासायला माणूस येणार म्हणून पाणी धुऊन ठेवलं! हसता हसता लोकांची पुरेवाट झाली. सर तर पारावर बसून डोळे पुसत होते. एक म्हातारा म्हणाला, "चूक झाली म्हनून सांगायला घरी येनारा मानूस म्या उभ्या जन्मात पाह्यला न्हाई." कुणीतरी नारळ आणला, कुणीतरी टोपी आणली. सरांच्या डोक्यावर टोपी, हातात नारळ. अक्कानं जेवायला वाढलं तेही आधी सरांना, सायीचं दही त्यांच्या ताटात, खालचं माझ्या. चूक कुणाची, ती शोधली कुणी, आणि नारळ कुणाला? मी बरोबर होतो, हे त्या दिवशी त्या वस्तीत एका माणसानं म्हटलं नाही.

विहिरीची मोटार परत चालू झाली. सर निघताना अक्काला सांगत होते, "पावडर उडून जाऊ द्या, मी पुन्हा बघतो. तोवर सुनेला तरी बाहेरचं पाणी द्या." पण दारात पाणी असताना रोज दूरवरून कोण आणणार? सून त्याच विहिरीचं पाणी पीत राहिली.

पुढच्या खेपेला सरांनी मला बळंच बरोबर नेलं. "नाक तुमचं, हात माझा," म्हणाले. मी विहिरीच्या काठावरच क्लोरीन बघितला, नव्हता. त्यांनी दोर सोडून खालचं पाणी काढलं. कॉलेजात आल्यावर एका बाटलीत माठातलं शिळं पाणी आणि एका बाटलीत अक्काच्या विहिरीचं, दोन्हींत सारखीच मंडळी आणि सारखाच कडबा. काही दिवसांत माठाच्या पाण्यात मंडळींची जत्रा भरली. विहिरीच्या पाण्यात मात्र होती तेवढीच राहिली. मेली नाही, वाढलीही नाही. एका जागी घिरट्या घालत होती.

त्या दुपारी सर माझ्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत न येता दारातच उभे.

"नाडी मंद आहे," म्हणाले. "काहीतरी आहे पाण्यात. थोडं आहे, पण आहे. कशानं, ते मंडळींना सांगता येत नाही आणि मलाही कळत नाही. ते तुम्हीच शोधू शकाल."

"माझ्या यादीतलं सगळं मी बघितलंय, सर."

"मग यादीत नसलेलं बघा."

या बोलण्याचाही मला राग आला. पण अक्काच्या घरात पोटुशी सून होती. नाल्याच्या वरच्या अंगाला लोखंडावर चकचकीत मुलामा चढवणारी एक शेड होती, बरेच दिवस बंद पडलेली, ती मला आठवली. मुलामा म्हटला की क्रोमियम. ते माझ्या नेहमीच्या तपासणीत नसतं. मी पाणी घेतलं, आम्ल घातलं, क्रोमियम ओळखायचं औषध टाकलं आणि हातातली नळी बघता बघता जांभळी झाली. एवढंसं क्रोमियम, पाण्याला रंग नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं.

हे मी शोधलं. सरांनी नाही, मंडळींनी नाही, मी. सर धावत आले, नळी बघून टाळी वाजवली आणि सगळ्या मजल्यावर ओरडत गेले, "रसायनवाल्यांनी नाव शोधलं!" त्यावर लोक काय म्हणाले? सरांचं मन किती मोठं बघा, दुसऱ्याला श्रेय देतात!

"वस्तीवर तुम्ही जा," सर मला म्हणाले. "बहीण तुमची आहे. मी आलो तर लोक मलाच विचारत बसतील."

मी एकटा गेलो. जांभळी नळी बूच लावून खिशात घेतली होती. अक्काच्या अंगणात मोटार चालू होती, टाकीत पाणी पडत होतं आणि सून कमरेवर घागर घेऊन उभी होती. मी अक्काला खाली बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. वरची शेड, जमिनीतून झिरपणारं पाणी, क्रोमियम, त्याचा पोटातल्या लेकराला असलेला धोका. माझा आधीचा कागद का अपुरा पडला तेही सांगितलं. इतकं नीट मी वर्गातसुद्धा कधी शिकवलं नसेल. मग नळी काढून तिच्या हातावर ठेवली.

"पाह्य, अक्का. चांगल्या पाण्यात असा रंग येत न्हाई. म्या सोता पाह्यलं."

अक्कानं नळी उन्हात धरली. माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात माया होती, लहानपणी ताप बघताना असायची तीच. मग तिनं विचारलं, "सरांनी पाह्यलं का?"

मोटारीचा आवाज चालूच होता. सून आमच्याकडे बघत होती.

"पाह्यलं."

"आन त्यांची मंडळी?"

"आजारी हाये," मी म्हणालो. "नाडी मंद हाये म्हन्ते."

त्या माणसाचा इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. अक्का तटकन उठली, सुनेच्या कमरेवरची घागर काढून घेऊन तिथंच अंगणात उपडी केली आणि मोटारीचं बटण बंद केलं.